दोन पॉइंट टू-टू, एक बजेट : रायफल निवडीच्या नोंदी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार. कोलंबस, ओहायो

ओंकार स्काउटच्या शिबिरातून आला तो घडी घातलेला एक कागद घेऊनच. पाच भोकं, त्यातली तीन एकमेकांना चिकटलेली. कागद फ्रिजवर लागला आणि जेवताना विषय निघाला: ऑक्टोबरात प्रोजेक्ट ॲपलसीडचं दोन दिवसांचं शिबिर आहे, आई, आपण दोघं जाऊ या का?

हा उपक्रम २००६ पासून चालतो. रायफल चालवण्याचं प्राथमिक शिक्षण आणि १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन-काँकर्डचा, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईचा इतिहास, दोन्ही एकत्र शिकवतात. यंदा त्या दिवसाला अडीचशे वर्षं झाली. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. निशाणं २५ मीटरवर, पण त्यांचे आकार असे कमी केलेले की १०० ते ४०० यार्डांवरच्या माणसाएवढी दिसावीत. गोळी '.२२ लाँग रायफल' या छोट्या, स्वस्त प्रकारची चालते, म्हणजे खर्च आवाक्यात.

कॉलेजात एनसीसीत असताना रत्नागिरीला मी .२२ डिलक्स चालवली होती. वर्षाला मोजून काही गोळ्या मिळायच्या आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हाताने ओढायचा. त्यानंतर आज पंचवीस वर्षांनी पुन्हा विषय निघतोय.

नवऱ्याने एकच अट घातली, की आधी कुलपाची लोखंडी पेटी आणि मग रायफल. अट योग्य आहे, म्हणून यादीत पहिला क्रमांक तिचाच.

एकूण ६५० डॉलर ठरवले, शिबिराची नावनोंदणी वेगळी. त्यात पेटी १३५, कानाची आणि डोळ्यांची साधनं दोघांची मिळून ५८, हजार गोळ्या साधारण ९५, खांद्याचा पट्टा आणि त्याच्या कड्या २६. बेरीज ३१४. रायफलीला उरले ३३६, विक्रीकर धरून.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन नावं पक्की केली. रुगर १०/२२ आणि मार्लिन मॉडेल ६०.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्ही .२२, दोन्ही अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. आतलं तंत्रही एकच, साधं ब्लोबॅक: रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते, तीच बोल्टला मागे नेते आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते. मार्लिन १९६० ची, रुगर १९६४ ची. दोन्ही कंपन्या मूळच्या कनेक्टिकटमधल्या. मार्लिन १८७० पासूनची, रुगर १९४९ ची. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याकडची मार्लिन रुगरनेच विकत घेतली. मॉडेल ६० मात्र आता नव्याने तयार होत नाही, मिळेल ती वापरलेली.

खरा फरक गोळ्या कुठे राहतात यात आहे. रुगरला दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, दस्त्याच्या पोटात सपाट बसणारं. मार्लिनला नळीखाली दुसरी बारीक नळी, तीत एकामागे एक चौदा गोळ्या. जुन्या मार्लिनमध्ये याहून जास्त मावत. पुढे न्यू जर्सीसारख्या राज्यांतल्या कायद्यांमुळे ती नळी आखूड केली.

मार्लिनच्या मुख्य नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सोळा उथळ खाचा असतात, रुगरच्या नळीत सहा. सोळा खाचांमुळे नेम सरस लागतो असं मार्लिनवाले ठामपणे सांगतात. ते कागद फाडून बघायचं आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

दोन दुकानं झाली.

पहिल्यात नवी १०/२२, लाकडी दस्त्याची, २७९ डॉलर. हातात घेतली तर हलकी, सव्वादोन किलोच्या आसपास. नेम धरायला पुढे सोनेरी माशी, मागे आडवी पाडता येणारी पट्टी. चाप जड आहे. खेचायला लागलं की आधी थोडा खरखरतो आणि मग सुटतो.

दुसरं दुकान गहाणवटीचं. तिथे मॉडेल ६०, दीडशे डॉलर. दस्त्यावर ओरखडे, पण अक्रोडासारख्या रंगाचं लाकूड गालाला इतकं अलगद लागलं की खाली ठेववेना. चाप रुगरहून हलका आणि स्वच्छ. आतून मात्र आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं हात लावलेला दिसत नव्हता. बोल्ट मागे ओढला तर बोटाला काळं, चिकट वंगण लागलं, जुन्या शिवणयंत्राच्या तेलपेटीत असतं तसं. साफसफाईने ते निघेल. शिवाय या रायफलीत बोल्टच्या मागे धक्का झेलणारा एक प्लास्टिकचा तुकडा असतो. वयाने तो ठिसूळ होतो आणि बदलावा लागतो. भाग स्वस्त आहे, पण कामाचा दिवस जातो.

१५० आणि २७९. घरी येताना गाडीत ओंकारने हिशेब केला, मार्लिन घेतली तर उरलेल्या पैशांत चांगली मागची साइट, म्हणजे नेमाची पट्टी, बसते. हिशेब बरोबर आहे. तरी मी हो म्हटलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

शेजारच्या आजोबांनी आपली मार्लिन आणली. त्यांनी ती १९८० च्या दशकात घेतली आणि आयुष्यभर कारखान्यात अवजारं घडवण्याचं काम केलं, त्यामुळे रायफल आतून आरशासारखी. १०/२२ आम्ही नेमबाजीच्या रेंजवरच भाड्याने घेतली. दुर्बीण दोन्हींना नाही. गोळ्या एकाच खोक्यातल्या, ४० ग्रेन वजनाच्या, वेग सेकंदाला १०७० फूट, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत.

वाळूच्या पिशवीवर टेकवून, २५ मीटर, पाच गोळ्यांचे चार गट, प्रत्येक रायफलीला. फूटपट्टीने लांबची दोन भोकं मधोमध मोजली.

मार्लिन: २४, २९, २२, २७ मिलिमीटर.
रुगर: ३१, २८, ३८, ३०.

ॲपलसीडमध्ये चार मिनिटांचा निकष असतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. २५ मीटरवर एक मिनिट सव्वासात मिलिमीटर, चार मिनिटं २९. म्हणजे मार्लिन चारही वेळा निकषात आणि रुगर एकदाच. रुगरचा ३८ चा गट माझा आहे, श्वास सुटला होता. तो वगळला तरी मार्लिन पुढेच राहते.

मार्लिनची आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच थांबतो. १०/२२ मध्ये तो पुढे येऊन बंद होतो, आणि रिकाम्या नळीवर चाप ओढल्याचा 'टक्' ऐकू आल्यावर कळतं की संपल्या. काही कमी-जास्त झालं की हात आधी सुरक्षेच्या खटक्याकडे जायला हवा, आणि त्यासाठी डोळ्यांना स्पष्ट खूण मिळणं मोलाचं आहे.

घरी येताना ओंकार गप्प होता. त्याच्या मनात मार्लिन ठरली होती. माझ्याही.

२४ ऑगस्ट, रविवार

आजोबांनी रायफल एक दिवस ठेवून घेऊ दिली. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या आणि मोबाइलचं घड्याळ. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात.

शिबिराच्या परीक्षेत चाळीस गोळ्या. उभ्याने दहा, दोन मिनिटांत. मग बसून किंवा गुडघ्यावर दहा, ५५ सेकंदांत. मग पालथं झोपून दहा, ६५ सेकंदांत. शेवटी झोपूनच दहा, पाच मिनिटांत, आणि त्यांचे गुण दुप्पट. एकूण २५०, २१० मिळाले तर 'रायफलमन'चं कापडी चिन्ह. मधल्या दोन फेऱ्यांत मॅगझिन बदलावं लागतं: पहिल्यात दोन गोळ्या, दुसऱ्यात आठ.

इथे मार्लिन अडते. आतली पितळी नळी पिळून मोकळी करायची, अर्धी वर ओढायची, खाचेतून आठ गोळ्या एकेक करून सोडायच्या, प्रत्येकीचं तोंड पुढे, नळी परत दाबायची, पिळायची. मला ३४ सेकंद लागले. ओंकारला ४७, त्यात एक गोळी उलटी गेली. रुगरचं मॅगझिन बदलायला दुकानात मोजले होते, सहा-सात सेकंद.

पण निर्णय घड्याळाने झाला नाही. मी ओंकारला म्हटलं, आता ही रिकामी कर आणि रिकामी आहे असं मला दाखव. त्याने पितळी नळी बाहेर काढली, रायफल तिरकी केली, सहा गोळ्या टेबलावर घरंगळल्या. बोल्ट ओढला, सातवी उडाली. बोल्ट सोडून तो म्हणाला, "झाली, आई." आठवी आतच होती, गोळ्यांची नळी आणि चेंबर (गोळी सुटण्याआधी बसते ती जागा) यांच्या मधल्या उचलणीत, म्हणजे गोळी वर नेणाऱ्या भागात, अडकलेली. पुन्हा बोल्ट ओढला तेव्हा ती टेबलाच्या काठावरून खाली पडली.

लाल प्लास्टिकची गोळी फरशीवर फिरत राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

यात रायफलीचा दोष नाही. बोल्ट तीन-चार वेळा ओढायचा, मागे अडकवायचा, आत बोट घालून बघायचं, ही शिस्त आहे आणि आजोबा चाळीस वर्षं ती पाळतात. पण पंधरा वर्षांचा मुलगा, अनोळखी रेंज, पाठीमागून आज्ञा, घाई. रुगरमध्ये मॅगझिन हातात आलं की ते हातात दिसतं. मग बोल्ट मागे अडकवला की वरून चेंबर दिसतो. तपासायचं दोन्हींत सारखंच, पण रुगरमध्ये चूक लपायला जागा कमी आहे. मला शिकणाऱ्या हातात तेच हवं आहे.

१०/२२ नक्की. सहा-सात मिलिमीटर आम्ही सरावाने कमी करू.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. काम बंद.

३० ऑगस्ट, शनिवार

पेटी सोमवारीच भिंतीला बोल्टने आवळून झाली होती. आज खरेदी.

बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला. त्यात नागरिकत्वाचा देश विचारतात, भारत लिहिलं. ग्रीन कार्डवरचा क्रमांक लागतो. इथे नव्याने आलेल्यांनी एक नीट लक्षात ठेवावं: एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. कायमचं रहिवासपत्र मिळाल्यावर ही अडचण राहत नाही. मी एच-वनवर असताना कोणी नुसती गोळ्यांची पेटी "सांभाळ जरा" म्हणून दिली असती, तरी ती घेणं चूक ठरलं असतं.

फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो, खरा खरेदीदार तुम्हीच का? हो, मीच. रायफल माझी, पेटीची किल्ली माझ्याकडे. ओंकार माझ्या देखरेखीखाली चालवेल, आणि ओहायोत खेळ व शिक्षणासाठी तेवढी मुभा आहे. मग एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि वीस मिनिटांत 'पुढे जा' आलं.

२७९ अधिक कर, ३०१. जादा एक मॅगझिन २१. हातात १४ डॉलर.

आमच्याकडे संगमेश्वरला माझ्या आजोबांची शेतरक्षणाची परवान्याची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती देवघरातल्या डब्यात ठेवायची, निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. रानडुक्कर काही आचारसंहिता बघून येत नसे, भात जायचं. पण आजोबांनी जमा करायला एकदाही उशीर केला नाही. काउंटरवर सही करताना तो डबा आठवला.

६ सप्टेंबर, शनिवार

पट्ट्याच्या कड्या. आमच्या मॉडेलच्या दस्त्याला त्या बसवलेल्या नसतात, आणि ॲपलसीडमध्ये पट्टा दंडाला गुंडाळून रायफल स्थिर करायला शिकवतात, तेव्हा हव्यातच.

नळी-दस्त्याला आवळणारा पुढचा पट्टा सैल करून सरकवला, पोटातला एक स्क्रू काढला. तरी नळी दस्त्यातून सुटेना. जोर लावणार होते, तेवढ्यात पुस्तिकेत सापडलं: आडवं सुरक्षेचं बटण बरोबर मधोमध ठेवावं लागतं, डावीकडे किंवा उजवीकडे असेल तर ते लाकडात अडतं. बटण मधे आणलं आणि रायफल अलगद वर आली.

मागची कडी सोपी, दस्त्याच्या खालच्या बाजूला लाकडी स्क्रू. पुढे लाकूड पातळ आहे, तिथे लाकडी स्क्रू धरत नाही, आरपार बोल्ट आणि आतून नट लागतो. ड्रिलच्या टोकाला हवी तेवढी लांबी सोडून निळी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे जास्त खोल जाणार नाही. दस्ता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ओंकारने दोन्ही हातांनी धरला. आधी बारीक भोक, मग मोठं. पिवळसर भुसा पडला आणि स्वयंपाकघरभर सुताराच्या दुकानासारखा वास. नट नळीच्या खोबणीत पूर्ण बुडतो ना ते दोनदा तपासलं. नळीला टेकला तर नेम बिघडतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

गोळ्यांची निवड. तीन प्रकार, प्रत्येकी पन्नास.

मोठ्या डब्यातल्या सर्वांत स्वस्त: पन्नासात तीनदा रिकामी पुंगळी बोल्टमध्ये उभी अडकली, दोन गोळ्या पेटल्याच नाहीत. गट ४० च्या पुढे. सीसीआयच्या १०७० फूट वेगाच्या: अडकली एकही नाही, गट २६ ते ३१. सीसीआय मिनी-मॅग, १२३५ फूट: अडकली नाही, गट ३० ते ३५, आणि महाग.

मधली पक्की. अर्धस्वयंचलित रायफल गोळीच्या जोरावरच चालते, म्हणून गोळीत फार काटकसर केली की ती अडण्यात वसूल होते. न पेटलेल्या गोळीनंतर चाप सोडून, नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. ओंकारने न सांगता मोजले.

मागची पट्टी पितळी दांडीने ठोकून किंचित डावीकडे सरकवली. गोळ्या जिकडे न्यायच्या तिकडेच मागची साइट न्यायची.

२१ सप्टेंबर, रविवार

घटस्थापना उद्या. आठवडाभर रोज रात्री पंधरा मिनिटं कोरडा सराव. १०/२२ रिकाम्या नळीवर चालवली तर चालते, निर्मात्याची तशी परवानगी आहे. मार्लिनमध्ये ते टाळतात. हा फायदा मी आधी धरलाच नव्हता, आणि पैशांत मोजला तर मोठा आहे: आठशे वेळा चाप ओढला, गोळी एकही खर्च नाही.

भिंतीवर काळा ठिपका. पालथं झोपून नेम धरायचा, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा, सोडायचा, डोळे उघडायचे. माशी ठिपक्यावरून सरकलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, सगळं शरीर कोपराभोवती फिरवायचं. एनसीसीत उस्ताद माझ्या बुटाला काठीने हलकेच ढकलायचे, ते याचसाठी होतं. तेव्हा मला वाटायचं, पाय वाकडे ठेवले म्हणून रागावतात.

चाप अजून जड आहे, पण आता कुठे सुटणार ते बोटाला कळतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

बोल्ट मागे अडकवून, चेंबरमध्ये नारिंगी झेंडी घालून रायफल पाटावर ठेवली. शेजारी स्वयंपाकघरातली सुरी, ड्रिल, नवऱ्याचा लॅपटॉप. झेंडू इथे भारतीय दुकानात मिळाले. हळदकुंकू लाकडाला, लोखंडाला नाही, ओल धरते. पूजा झाली, लगेच पेटीत.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री

दोन दिवस झाले. पाय दुखतायत, कोपरं सोलली आहेत.

रायफल एक आणि आम्ही दोघं, म्हणून आजोबांनी त्यांची मार्लिन मला दोन दिवस वापरायला दिली. त्यामुळे दोन्ही रायफली एकाच रांगेत, शेजारी शेजारी पडल्या होत्या.

पहिलं निशाण लाल कोटाचं, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश सैनिकाचं. चार आकाराच्या आकृत्या, प्रत्येकीवर तीन गोळ्या, आणि कोपऱ्यातल्या छोट्या फळीवर एक, एकूण तेरा. १७७५ मध्ये किती अंतरावर कोण टिकलं असतं, हे त्यावरून सांगतात. ओंकार २०० यार्डांपर्यंत पोचला, मी ३०० पर्यंत.

लाल टोपीवाल्या प्रशिक्षकांनी मला फेरी दोन आणि तीनमध्ये दहाच्या दहा आधी भरू दिल्या. दोन झाल्या की थांबायचं, तिरपं होऊन श्वास घ्यायचा, मग पुढे. सोय केली त्यांनी, पण लय तुटायची. ओंकारचं मॅगझिन दुसऱ्या दिवशी बोटांनी आपोआप बदलत होतं, डोळे निशाणावर.

रुगर मागे पडली ती साइटवर. बाकीचे इंचांचं मिनिटांत, मिनिटांचं टिचक्यांत (एका 'टक्'ला साइट ठरावीक थोडीच सरकते) रूपांतर करून साइट फिरवत होते. ओंकारकडे पट्टी आणि पितळी दांडी. अर्धा इंच उजवीकडे जातंय हे त्याला कळत होतं, तेवढंच नेमकं सरकवणं जमत नव्हतं. शेवटी तो अर्धा इंच डावीकडे धरून मारत राहिला. माझी मार्लिनही साधीच, पण आजोबांनी ती कधीच बरोबर लावून ठेवलेली.

गुण: शनिवारी शेवटी मी १७९, ओंकार १५२. आज शेवटी मी १९६, ओंकार १८८. चिन्ह कोणालाच नाही. त्याची उभ्याची फेरी ३१ वरच अडली आहे, बाकी सगळं वाढलं.

आज्ञा आली की तो मॅगझिन काढायचा, बोल्ट अडकवायचा, झेंडी घालायचा, हात वर करायचा. दोन दिवसांत एकदाही चुकला नाही. मी मोजत होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सफाई. दोन्ही रायफलींची नळी मागून उघडी नसते, गज पुढून घातला तर तोंडाची कडा घासते. म्हणून दोरीचा पुल-थ्रू, मागून पुढे, चिंधीला दोन थेंब तेल. चौथी चिंधी पांढरी आली.

आजोबांची मार्लिन परत दिली, पितळी नळी पुसून, उचलणीत टॉर्च मारून. त्यांनी बोल्ट चार वेळा ओढून स्वतः तपासली, माझ्यासमोर.

शिल्लक गोळ्या १६२. टिचक्यांची, बारीक भोकाची मागची साइट साधारण ऐंशी डॉलरपर्यंत मिळेल. ओंकार बर्फ उपसायच्या कामाचे पैसे त्यात घालणार आहे. एप्रिलच्या शिबिराची तारीख कॅलेंडरवर लावली.